रंगीबेरंगी झाडाचं खरं नाव

डोंगराच्या मांडीवर बसलेलं एक इवलंसं गाव होतं, आणि त्या गावात सगुणा नावाची एक चिमुकली मुलगी राहत होती. सगळे तिला सगू म्हणत. तिचा परकर विटका होता, घर एवढंसं होतं, पण डोळे मात्र ओंजळीतल्या पाण्यासारखे लकाकत. घरात ती आणि तिची आई, दोघीच.

पावसाळ्यात आईला ताप आला. ताप गेला, पण जाताना आईच्या तोंडाची चव घेऊन गेला. सगू भाकरी करून देई, तर आई म्हणे, "मातीसारखी लागते गं." गुळाचा खडा दिला तरी तेच. एक घास खाऊन आई ताट बाजूला सारी. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती, आणि सगूला काय करावं ते कळत नव्हतं.

रोज सकाळी सगू जहागीरदारांच्या बागेत वाळक्या काटक्या वेचायला जाई. एके दिवशी एका झुडपापाशी तिला कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचमताना दिसलं. दवाचा थेंब असेल असं तिला वाटलं. पण थेंबाला पंख कसे असतील? ती वाकून बघते तर काय, एक पिटुकली परी! चंदेरी पंख जाळ्यात गुरफटलेले, आणि गालांवर मोहरीएवढे अश्रू. सगूनं गवताच्या काडीनं एकेक धागा हलकेच सोडवला, पंखाला जरासुद्धा धक्का लागू दिला नाही.

"तुझी एक इच्छा मी पुरी करीन," परी म्हणाली. तिचा आवाज पैंजणांतल्या घुंगरासारखा होता. "पण आमच्याकडे इच्छेला कुंपण असतं. या झुडपाचं खरं नाव तू मला सांगायचंस, आणि एकदाच सांगायचंस. चुकलीस तर इच्छा गेली. आणि नाव सांगेपर्यंत याचं फळ ओठांना लावायचं नाही. लागलं तरी इच्छा गेली."

"आईच्या तोंडाला चव येऊ दे, एवढीच माझी इच्छा," सगू म्हणाली. "पण नाव कशाला हवं तुला?"

"मला नको गं, त्याला हवंय. येणारेजाणारे त्याला काहीबाही नावं ठेवतात. बिचारं हिरमुसतं."

सगूनं झुडपाकडे पाहिलं, आणि ती पार गोंधळून गेली. झुडूप जेमतेम तिच्या गुडघ्याएवढं, पण त्यावर रंगांची नुसती जत्रा भरली होती. काही फळं जांभळीजांभळी, काही सायीसारखी पांढुरकी, काही पिवळीधमक, काही नारिंगी, तर काही लालचुटूक. सगळी आभाळाकडे तोंड करून उभी, पणतीतल्या ज्योतींसारखी. जांभळं म्हणावीत, तर पिवळी का? बोरं म्हणावीत, तर टोकदार का? आणि एका झाडाला इतक्या जातींची फळं येतात तरी कशी?

तिनं बागेतल्या माळीकाकांना विचारलं. "शोभेचं झाड आहे, पोरी," ते म्हणाले. "मालकांनी लांबून आणलंय. नाव मलाही ठाऊक नाही." आईला विचारलं, तर आई अंथरुणातूनच म्हणाली, "जांभळं म्हणतेस, लगेच लाल म्हणतेस. एकच काय ते सांग ना बाळा."

पण एकच काही असेल तर सांगणार ना! चार दिवसांनी पाहावं तर त्याच फांदीवरचं जांभळं फळ गायब, आणि तिथे पांढुरकं उभं. सगूला वाटलं, कोणीतरी लबाड फळं बदलत असणार. तिनं परकराच्या काठाचा हिरवा दोरा काढला आणि एका जांभळ्या फळाच्या देठाला बांधला. आता चोर सापडेल!

थोड्या दिवसांनी दोरा होता तिथेच, गाठही तिचीच, पण फळ मात्र सायीच्या रंगाचं. मग ते पिवळं झालं. मग नारिंगी. "चोर दोरा सोडून पुन्हा तशीच गाठ मारतो की काय?" सगू पुटपुटली. पानाआडून परी नुसती बघत राहिली.

मग एका सकाळी सगू आली, तर झुडपापाशी माळीकाकांची छबू बसलेली. छबू नुकतीच दुडुदुडु चालायला लागली होती. तिच्या गुबगुबीत मुठीत पिवळी-नारिंगी फळं होती आणि ती मूठ तोंडाकडे निघाली होती. सगूनं धावत जाऊन तिचा हात धरला.

"दे बघू मला."

"नाई. माझा खाऊ." छबूनं मूठ आणखी आवळली.

फळ कडू असेल, विषारीही असेल, कोण जाणे. माळीकाका दूर विहिरीवर होते. मूठ उघडेना, ओढाओढी केली तर छबू ती सरळ तोंडात कोंबणार. तेवढ्यात सगूला आठवलं, छबूला दुसऱ्यांना भरवायला भारी आवडतं. पण मग परीनं सांगितलेलं कुंपण? आणि आई?  सगूनं एकवार झुडपाकडे पाहिलं, आणि छबूसमोर बसून तोंड उघडलं.

"मला भरव ना, छबू. आऽऽ."

छबू खुदकन हसली. मूठ उघडली. एकेक फळ तिनं सगूच्या तोंडात घातलं, सगळी संपेपर्यंत. सगूनं ती गालात धरून ठेवली, पण एक दाताखाली फुटलंच. आणि मग काय! जीभ पेटली, कान तापले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगूनं सगळी फळं थुंकून टाकली, छबूला कडेवर घेतलं आणि विहिरीवर नेलं. माळीकाकांनी छबूचे हात चोळूनचोळून धुतले, आणि सगूला खायला दही दिलं.

तोंड जरा निवल्यावर ती झुडपापाशी परत आली. हिरव्या दोऱ्याचं फळ आज लालभडक झालं होतं. सगू त्याच्याकडे टक लावून बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या डोळ्यांसमोरचं धुकं विरलं.

परी पानावर येऊन बसली. "सांग, नाव काय?"

"कळलंय मला," सगू हळूच म्हणाली. "पण फळ ओठांना लागलं. माझी इच्छा गेली."

"तरी सांग. झाडाला ऐकू दे."

"मिरची."

"आणि ही जांभळी?"

"तीही मिरची. लहान असते तेव्हा जांभळी, मग पांढुरकी, मग पिवळी, मग नारिंगी, आणि पिकली की लाल. चोर कोणी नव्हताच. सगळी एकाच घरातली आहेत, कोणी धाकटी, कोणी थोरली."

झुडूप आनंदानं शहारलं. परी मात्र गंभीर झाली. "नियम तो नियम, सगू. तुझी इच्छा मला पुरी करता येणार नाही."

सगूनं मान खाली घातली.

"पण परीलाही स्वतःची एक इच्छा असते," परी म्हणाली. "मी ती कितीतरी वर्षं जपून ठेवलीय. ती खर्च केली की आम्हांला आमच्या देशी परत जावं लागतं, म्हणून. आज मी ती मागते. सगूच्या आईच्या तोंडाला चव येऊ दे."

"मग तू पुन्हा दिसणार नाहीस?"

"नाही गं बाळ."

सगूनं बोट पुढे केलं. परीनं त्यावर गाल टेकवला. मग झुडपावरचं प्रत्येक फळ उजळलं, जांभळं, पांढुरकं, पिवळं, नारिंगी, लाल, आणि त्या उजेडाची एक झुळूक होऊन परी आभाळात विरघळून गेली.

सगू धावतच घरी आली. आई चुलीपाशी बसली होती. तिच्या पुढ्यात सगूनं सकाळी केलेलं पिठलं होतं.

"सगू, मीठ किती घातलंस गं यात?" आई तोंड वाकडं करत म्हणाली. "नुसतं खारट."

सगू दारातच खिळली. मग तिनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडत रडत हसू लागली. आईला काही कळेना. तिनं सगूची पाठ थोपटली आणि ताट पुढे केलं.

"पाणी घालून जरा सारखं कर, आणि मला अजून वाढ."