लाकडी हत्ती आणि थिजलेलं खोबरेल

एका डोंगरी गावात म्हाळू नावाचा सुतार होता. त्यानं कोरलेलं हरीण पाहून गावची कुत्री भुंकायची, म्हणजे हात कसला असेल बघा! बारा वर्षं खपून त्यानं राजासाठी चाकांवरचा शिसवी हत्ती घडवला. संक्रांतीच्या मिरवणुकीत त्याच्या अंबारीत राजाची धाकटी लेक बसायची होती.

आदल्या सकाळी राजवाड्याच्या अंगणात हत्तीखाली चिमूटभर पीठ दिसलं. लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं पीठ! कोरीवकाम इतकं दाट, की भोक काही सापडेना.

"महाराज, करवत मागवा," दिवाणजी म्हणाले. "चिरल्याशिवाय आतलं कळायचं नाही."

म्हाळूच्या मनात आलं, पीठ फुंकून टाकावं आणि लाकूड निर्दोष असल्याची शपथ घ्यावी, झालं! कीड लागू नये म्हणून सुतार वद्य पक्षात लाकूड तोडतात आणि म्हाळूचा तो नेम पंचक्रोशीत गाजलेला. शपथ सगळ्यांनी मानली असती. पण घाईत एकदा नेम मोडला होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तेवढ्यात राजकन्या सोंडेला लोंबकळत ओरडली, "म्हाळूकाका, उद्या मी सगळ्यात उंच ना?"

म्हाळूनं पागोटं उतरवलं. "महाराज, एका पायाचं लाकूड मी शुद्ध पक्षात तोडलं. कुठल्या, ते आता आठवत नाही. चूक माझी. पण करवत नको, खोबरेल द्या."

"टाळूवर थापायला?" दिवाणजी खिदळले.

थंडी अशी, की हसूसुद्धा त्यांच्या मिशांत थिजलं. खोबरेल तर दगड झालेलं. म्हाळूनं ते तळहातांवर चोळून चारही पायांना पातळ चोपडलं आणि हत्ती कोवळ्या उन्हात ओढला. भरीव लाकूड ऊब आत ओढून घेतं. पोखरलेल्या जागी ती वरच अडते. घटकाभरात तीन पाय पांढरेच राहिले. मागच्या डाव्या पायावर मात्र तेल वितळून वीतभर नागमोडी काळी रेघ उमटली. किड्याची वाट!

रेघ संपली तिथं म्हाळूनं सुईएवढं भोक पाडून कडुलिंबाचं तेल सोडलं. किडा मिशा पुसत बाहेर आला आणि राजाला मुजरा करूनच पडला.

"दिवाणजी, उद्या तुम्ही बसणार तो मेणाही तपासू," राजा म्हणाला.

"छे! माझं लाकूड अस्सल वद्यातलं!"

दुसऱ्या दिवशी भर चौकात मेण्याचं किड्यानं पोखरलेलं बूड निसटलं. दिवाणजी धूळ झटकत पायी निघाले. त्यांच्या पुढून हत्ती डौलात गेला, अंबारीत राजकन्या, आणि तिच्या हट्टापायी शेजारी म्हाळू!

तात्पर्य: आपल्या कामातली खोट जो आपल्या तोंडानं सांगतो, त्याचं काम टिकतं आणि मानही.