तिळूचा दुखरा कान आणि बहाव्याची परी

डोंगर संपून पळसाचं रान जिथे सुरू होतं, तिथे एक झोपडी होती. झोपडी एवढुशी, की आत तिघं बसली तर चौथ्याने दारातूनच बोलावं. पण तिथे राहत होती तिघंच, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. एक आई, एक आठ वर्षांची बकुळा आणि एक बकुळाचं कुत्र्याचं पिल्लू, तिळू.

आई पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायची. बांबूच्या बारीक काड्या टोचून टोचून तिच्या बोटांची पार चाळण झाली होती. घरात भाकरी असायची, भाजी असेल तर असेल. तरी बकुळा आपल्या भाकरीतला मऊ तुकडा तिळूला दिल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही.

तिळू कापसासारखा पांढराशुभ्र. कुणी मूठभर काळे तीळ उधळावेत तसे अंगभर ठिपके, आणि दोन्ही बाजूंना लोंबणारे मखमली कान. धावताना ते कान असे उडायचे, की आता हा भुर्रकन उडणार असंच वाटायचं!

एकदा बकुळाने त्याला ओढ्यात डुबुक डुबुक आंघोळ घातली. अंग पुसलं, शेपटी पुसली, कान मात्र राहिले. चार दिवसांनी तिळू फडफड फडफड मान झटकू लागला. पायाने डावा कान खरखर खाजवू लागला. कानाला कुबट वास येऊ लागला.

आता बकुळाला न्हाऊ घातल्यावर आई काय करायची? लसूण घालून कोमट केलेलं तेल तिच्या कानात सोडायची. मग बकुळानेही तेच केलं. लाडाने, मायेने, चांगले चार थेंब. इथेच आमच्या बकुळाबाई चुकल्या! दुसऱ्या दिवशी कान लालबुंद झाला. तिळू एकीकडे मान वाकडी करून बसला. आई जवळ गेली, तशी त्याने तिच्या हाताला कचकन दात लावले.

आईने हात धुतला. मग म्हणाली, "बकू, पाच दिवसांनी भिवामामा पत्रावळ्या न्यायला येईल. तिळूला त्याच्या खळ्यावर जाऊ दे. चावरं कुत्रं घरात नको गं बाळा."

"आई, तो चावरा नाही! त्याचा कान दुखतोय."

"दुखतोय खरा. पण उद्या तुला चावला तर?"

बकुळाला रडू आवरेना. तिळूशिवाय झोपडी केवढी मोठी होईल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पानं आणायला रानात गेली. तिथे एक बहावा फुलला होता. फांदीफांदीला पिवळीधमक झुंबरं! शेजारच्या झाडाच्या बुंध्यावर डिंकाचा एक चमचमता थेंब होता, आणि त्यात चिकटली होती एक इवलीशी परी. अंगात पिवळा झगा, पंख सोनसळी, आणि चेहरा अगदी रडवेला.

"ओढू नकोस हं, पंख फाटेल!" परी किणकिणली.

"नाही ओढणार," बकुळा म्हणाली. तिने बरोबर आणलेला पाण्याचा तांब्या जवळ घेतला, बोट भिजवलं आणि एकेक थेंब पंखावर सोडत बसली. डिंक विरघळेपर्यंत हललीसुद्धा नाही.

पंख मोकळा होताच परीने तीन गिरक्या घेतल्या. "माग काय हवं ते! पण एकच हं."

"माझ्या तिळूचा कान बरा कर."

"अगं, इच्छा अशी हवेत बोलायची नसते! ज्याच्यासाठी मागायची, त्याच्याच कानात सांगायची. तिळूच्या दुखऱ्या कानात. आणि त्याने तो कान आपणहून पुढे केला पाहिजे. धरून, दाबून सांगितलीस तर इच्छा फुकट जाईल." परीने तिच्या हातावर बहाव्याचं एक फूल ठेवलं. "याच्या पाच पाकळ्या. रोज एक गळेल. पाचवी गळायच्या आत सांग."

"पण तो कानाला हातच लावू देत नाही! दुखण्यावर काय करू, तूच सांग ना!"

"मी परी आहे गं, डॉक्टर नाही," परी म्हणाली, आणि फुलांत दिसेनाशी झाली.

घ्या! म्हणजे कान बरा व्हायला कान पुढे यायला हवा, आणि कान पुढे यायला तो आधी बरा व्हायला हवा. पण बकुळा काही हात टेकणारी नव्हती. तिने तिळूला टोपलीत ठेवलं आणि आईबरोबर थेट शेजारच्या गावातला गुरांचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तिळूला आधी हाताचा वास घेऊ दिला. आईने त्याचं तोंड अलगद धरलं, बाईंनी छोट्या दिव्याने कानात पाहिलं. "कानात काय घातलं होतंस?"

बकुळाचा चेहरा पडला. काही नाही म्हणावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग ती म्हणाली, "लसणीचं तेल. मीच घातलं. आंघोळीनंतर कानही पुसले नाहीत."

"खरं सांगितलंस, आता औषध बरोबर देता येईल," बाई हसल्या. "लोंबत्या कानात वारा जात नाही. आत ओल राहते, मग कान पिकतो. वर तेल घातलं की आणखीच चिकचिक. आता तेल नाही, पाणी नाही, काडी तर मुळीच नाही." त्यांनी कान स्वच्छ केला आणि औषधाची बाटली दिली. "सकाळ-संध्याकाळ थेंब घाल, कानाच्या मुळाशी हळूच चोळ, बाहेर आलेलं मऊ कापडाने टीप. दहा दिवस. मध्येच बरा दिसला तरी थांबायचं नाही. मग मला दाखवायला आण."

पहिल्या दिवशी तिळू थेंब पाहून खाटेखाली पळाला. आईने त्याला मांडीत घेऊन थोपटलं, तेव्हा कुठे औषध कानात गेलं. एक पाकळी गळली. दुसऱ्या दिवशी बकुळाने बाटली मुठीत धरून कोमट केली, गार थेंबाने तो दचकायला नको म्हणून. वर भाकरीचा तुकडा दिला. दुसरी पाकळी गळली. तिसऱ्या दिवशी तिचा धीर सुटला. तिने तिळूचं डोकं दोन्ही हातांत पकडलं आणि कानाशी तोंड नेलं. तिळू केविलवाणा कुंई कुंई करू लागला.

बकुळाने लगेच हात सोडले. "चुकलं रे माझं राजा," ती म्हणाली, "नाही सांगत."

तिसरी पाकळी गळली, मग चौथीही गेली. पण कानाचा वास गेला, लाली उतरली, खरखर खाजवणं थांबलं.

पाचव्या दिवशी दुपारी बकुळा अंगणात बसली होती. हातातल्या फुलाला एकच पाकळी, तीही लवलवणारी. तेवढ्यात तिळू आला. त्याने तिच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि डावा कान अगदी तिच्या ओठांशी आणला!

बकुळाने वाकून पाहिलं. कान आतून गुलाबी, स्वच्छ, कोरडा. एकाएकी तिळूने तोच कान टवकारला. बकुळाला काहीच ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळाने दूरवरून भिवामामाच्या बैलांची घुंगरं वाजली. खुळ् खुळ् खुळ्!

"आई गं, याला माझ्याआधी ऐकू आलं!" बकुळा आनंदाने ओरडली. "याला आता इच्छा नको, याला फक्त उरलेलं औषध हवं!"

आई बाहेर आली. तिळू तिच्याकडे गेला आणि चावलेला हात चाटू लागला. आईचे डोळे भरून आले. त्या चाटल्या जाणाऱ्या बोटांकडे, त्यांच्यावरच्या बारीक बारीक भोकांकडे बकुळा पाहतच राहिली.

"आई, जरा कान दे ना," ती म्हणाली.

आई हसत हसत वाकली. बकुळाने तिच्या कानात सांगितलं, "माझ्या आईच्या बोटांना पुन्हा कधी काडी टोचू नये."

शेवटची पाकळी गळली, पण जमिनीवर पडलीच नाही. ती परी झाली! अंगणभर पिवळाजर्द, सोनेरी, झगमगता उजेड पसरला. परीने आईच्या दहाही बोटांवर इवले इवले पाय ठेवले, तिळूच्या कानावर एक झोका घेतला आणि त्या उजेडात विरघळून गेली. आईने बोटं निरखली. ती बकुळाच्या बोटांसारखी मऊ होती.

भिवामामा दारात गाडी थांबवून विचारू लागला, "अक्के, कुत्रं कुठाय? नेऊ ना?"

"पत्रावळ्या ने, भिवा," आई म्हणाली. "कुत्रं नाही मिळायचं. त्याला संध्याकाळचं औषध आहे."