आवडी इथं राहत नाही

एकदा काय झालं, एका वैद्याला एक मुलगी होती. नाव तिचं आवडी. बाप पोरांना शिकवायचा, ही दाराआडून बघायची. बघून बघून अक्षरं शिकली हो! एकदा तिनं रानात फासात अडकलेलं साळिंदर सोडवलं. त्यानं अंगावरचा एक काटा दिला. म्हणालं, “यानं लिही. खरं लिहिलंस तर वाचणाऱ्याला टोचेल. खाली नाव मात्र तुझंच घाल, नाहीतर अक्षरं उडून जातील.”

मग नऊ वर्षांची झाली नि लग्न लागलं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, अन्नपूर्णा. झाली आवडीची अन्नपूर्णा! तिला विचारतंय कोण? सासरी मोठी झाल्यावर तिनं चोरून लिहिलं, खाली अन्नपूर्णा घातलं, तर अक्षरं भुर्रकन उडाली. आवडी घातलं, तेव्हा राहिली.

लिहिलं काय, तर, “सगळ्यांना वाढते ती शेवटी उष्ट्यावर का जेवते? हे शास्त्र लिहिलं कुणी? जेवून ढेकर दिलेल्यांनी!” त्या घरचे पापड राजवाड्यात जायचे, बरं का. तिनं कागद पापडांत सरकवला. राणीनं वाचला आणि तिला कचकन टोचलं. टोचणारच! राणीसुद्धा राजाच्या उष्ट्या ताटातच जेवायची. म्हणाली, “ही आवडी मला हवी. माझ्या लेकींना शिकवील, इथं बसून लिहील.” आणि पाठवली पालखी.

पालखी दारात आली. सासरा म्हणाला, “आवडी? अशी कुणी इथं राहत नाही.” आवडी माजघरात, ओठ दाबून. मोठ्यांपुढे सुनेनं बोलायचं नाही ना! पालखी गेली रिकामी.

मग दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. नवरा म्हणाला, “आवडी ना? ती मेली.” मेल्याला लाज नाही वाटली! आवडी बाळंतिणीच्या खोलीत, कुशीत पाच दिवसांची लेक. तिनं हाका मारल्या, पण दाराला बाहेरून कडी.

मग पापडांत पुन्हा आवडीच्या नावाचा कागद निघाला नि पालखी तिसऱ्यांदा आली, ती नऊ वर्षांनी, त्याच लेकीच्या लग्नात. अंतरपाट धरलेला. या खेपेला पालखीतून राणी स्वतः उतरली. सरळ आवडीपाशी गेली. “बाई गं, आवडी तूच ना?”

व्याह्यांनी कान टवकारले. लिहिणाऱ्या बाईची पोर कोण करून घेणार? वऱ्हाड उठून गेलं असतं, पोर जन्माची घरात पडली असती. ‘मीच ती’ असं आवडीच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, “नाही हो राणीसाहेब. आवडी इथं राहत नाही.”

मग? मग काय! लग्न लागलं, पंगती झाल्या. व्याही खूश, सासरा खूश, नवरा खूश. सगळे सुखानं नांदले. आवडीचं विचारू नका. ती तिथं राहतच नव्हती म्हणे!

चला पोरांनो, संपली गोष्ट, मिटा डोळे. विसू, तू घोर हवा तेवढा. यमे, तू मात्र जरा जागी राहा गं.