आर्नफुर्टची नावाडीण

आर्ने नदीवर अजून एकही पूल नव्हता, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. जर्मनीत तेव्हा लढाई सुरू होती. ती का सुरू झाली, हे लढणारेही विसरले होते. सैन्य आज या गावात शिरायचं, उद्या त्या गावात, आणि ते गेल्यावर मागे राख उरायची. सैन्याच्या मागोमाग साथ यायची. सैन्याच्या तावडीतून वाचलेली माणसं तापानं जायची.

आर्नफुर्ट हे शहर फार मोठं नव्हतं आणि अगदी लहानही नव्हतं. त्याला भक्कम तट होता. नदीच्या बाजूला एक पाणदरवाजा होता आणि त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत. तटाच्या बुरुजापासून पलीकडच्या काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला असे. तो दोर हातानं ओढत ओढत मेख्टिल्ड नावाची बाई आपली रुंद नाव या तीरावरून त्या तीरावर नेई. तिचे हात असे होते की धरलेली वस्तू तिच्या मनात आल्याखेरीज सुटत नसे, असं म्हणतात.

या मेख्टिल्डचा नवरा आणि दोन्ही लेकरं साथीत गेली होती. ती साथ तिच्याच नावेतून आली होती. पलीकडून एक आजारी माणूस आला, तिनं त्याला घरात निजवलं आणि पंधरवड्यात घर रिकामं झालं. तेव्हापासून ती कमी बोलायची. पण नाव चालवायची थांबली नाही.

त्या वर्षी डोंगरातलं बर्फ लवकर वितळलं आणि नदी फुगली. एके दिवशी दुपारी पलीकडच्या टेकड्यांमागे धूर दिसला. थोड्या वेळानं काठावर माणसं दिसू लागली. जळालेल्या गावातले विणकर होते ते. कुणाच्या पाठीवर म्हातारी, कुणाच्या कडेवर पोर. ते हात हलवत होते. पाण्याच्या आवाजात त्यांचं ओरडणं ऐकू येत नव्हतं.

नगरप्रमुख बुर्कहार्ट तटावर आला. तो दुष्ट माणूस नव्हता, घाबरलेला होता. त्यानं सगळे दरवाजे लावून घेतले आणि खाली नावेपाशी उभ्या असलेल्या मेख्टिल्डला निरोप धाडला की तिनं ताबडतोब आत यावं, मग दोर तोडायचा आहे. मेख्टिल्डनं निरोप ऐकून घेतला. मग तिनं नाव सोडली आणि ती पलीकडे निघाली. बुर्कहार्टनं कुऱ्हाड मागवली, पण मेख्टिल्ड नदीत असेपर्यंत दोरावर घाव घालायला कुणी पुढे होईना.

पलीकडे पोचल्यावर तिनं सगळ्यांना नावेत घेतलं. नाव इतकी भरली की पाणी तिच्या कडेला लागलं. ती अर्ध्या नदीत आली असेल नसेल, तोच टेकडीवरून घोडेस्वार उतरले. पुराच्या ओढीनं दोराला झोळ पडला होता; त्यांनी काठावर तो धरला आणि ते नाव मागे खेचू लागले. मेख्टिल्ड पुढे ओढी, ते मागे ओढत. नाव एका जागी थरथरत राहिली. मग नाव हळूहळू मागे सरकू लागली.

तेव्हा मेख्टिल्डनं कमरेचा कोयता काढला आणि आपल्या मागचा दोर स्वतःच तोडला. बुरुजाकडून आलेलं टोक तिनं कमरेला गुंडाळलं, दोन्ही हातांनी धरलं आणि नावेच्या फळीला पाय रोवले. प्रवाहानं नाव हेलकावे देत वळवली आणि शहराच्या काठाला, थेट पाणदरवाज्याच्या पायऱ्यांवर आणून आदळली.

दरवाजा बंद होता. पाणी चढत होतं. विणकर दारावर हात आपटत होते. आतून झरोक्यातून बुर्कहार्ट बाहेर पाहत होता, किल्ली त्याच्या मुठीत होती.

तो म्हणाला, "मेख्टिल्ड, तुझी लेकरं अशाच माणसांमुळे गेली. तरी तू यांना घेऊन आलीस?"

ती म्हणाली, "माझ्या पोरांना मी वाचवू शकले नाही, बुर्कहार्टसाहेब. ही अजून जिवंत आहेत. दार उघडा. मला आता फार वेळ धरवणार नाही."

बुर्कहार्टनं किल्ली कुलपात घालून फिरवली. दार उघडलं. माणसं एकमेकांना ढकलत, ओढत आत शिरली. सर्वांत शेवटी एक म्हातारी विणकरीण उतरली. पायरीवर पाय ठेवून, नावाडिणीला हात द्यावा म्हणून तिनं मागे वळून पाहिलं. दोर तारेसारखा ताणलेला होता. नाव जागची हलली नव्हती. पण दोर धरणारं तिथं कुणी नव्हतं. म्हातारीचा दुसरा पाय पायरीवर टेकला आणि दोर सैल पडला. नाव गेली. असं म्हणतात.

पुढे शहरात ताप आला की नाही, यावर आर्नफुर्टची माणसं अजून वाद घालतात. काही म्हणतात, आलाच नाही. काही म्हणतात, आला, आणि आजाऱ्यांच्या उशाशी बसलेला बुर्कहार्ट त्यातच गेला. विणकर मात्र तिथंच राहिले. त्यांनी माग टाकले, घरं बांधली, शहरातल्या मुलामुलींशी लग्नं केली. आज तिथं कुणाचं घराणं मूळचं आणि कुणाचं नावेतून आलेलं, हे सांगता येत नाही.

पाणदरवाज्याच्या कमानीला आजही दाराच्या बिजागऱ्या आहेत, पण दार नाही. नंतरच्या काळात शहर एकदा पुरतं जळालं, लोकांनी कमान दगड जुळवून पुन्हा उभी केली, आणि दार बसवलं नाही. दर वर्षी बर्फ वितळून नदी चढली की शहराचा नगरप्रमुख सकाळी तिथं उघड्या डोक्यानं उभा राहतो. नदीकडून जो कुणी पहिला येईल त्याला तो भाकरी देतो आणि आत घेऊन जातो. कधी कुणी प्रवासी येतो, कधी टपालवाला. एका वर्षी शेजारच्या देशातून पळून आलेली एक बाई पोराला घेऊन आली होती. तिला त्यांची भाषा येत नव्हती. तिला वाटलं, हा माणूस आपले कागद तपासायला उभा आहे, आणि ती लांबच थांबली.

नगरप्रमुख पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत खाली गेला आणि त्यानं तिचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं.