साळूबाईचं दार

फार जुनी गोष्ट. तेव्हा जनावरांचीही नगरपालिका होती आणि तिथला कारकून बगळा होता. साळूबाई साळिंदरिणीच्या बिळात दर श्रावणात पाणी शिरायचं. पिल्लं पाठीवर घ्यावीत, तर पाठभर काटे! एकेकाला तोंडात धरून ती उंचावर न्यायची आणि तशीच ओली नगरपालिकेत जायची.

"साहेब, गल्लीत गटार बांधा हो."

"बाई, अंदाजपत्रक माघातच ठरलं. आता पैसे कुठले?"

तीन वर्षं हेच ऐकून ती थकली. चौथ्या वर्षी ती माघातच गेली.

बगळा हसला. "बाहेर धूळ उडतेय. पाणी कुठंय, बाई?"

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. ओढत आणलेलं घराचं दार तिने टेबलाला टेकवलं. त्यावर चिखलाच्या तीन रेषा होत्या, दर वर्षीची आधीच्यापेक्षा वर. दमल्यामुळे पुसायच्या राहिल्या होत्या. बगळ्याने अंदाजपत्रकात गटार लिहून घेतलं.

पुढच्या श्रावणापर्यंत गटार झालं. साळूबाई कोरड्यात झोपली असताना पलीकडच्या गल्लीतले भिजलेले ससे ओरडत नगरपालिकेकडे निघाले. ती जांभई देत बाहेर आली.

"घरी जा रे बाबांनो. दारावरचा चिखल तेवढा पुसू नका. माघात मी येते तुमच्याबरोबर."