राणीच्या कोठारातलं कार्ड

लहानथोरांनो, ही गोष्ट नेमकी कोणत्या काळातली, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण फार पूर्वी एका नदीकाठच्या राज्यात एक राणी होती आणि तिला खेळांचं भारी वेड होतं. त्या राज्यात तेलाचे घाणे होते, होड्या होत्या, तसेच खेळायचे संगणकही होते. दर वसंतात राणी राजवाड्याच्या चौकात नौकांची शर्यत भरवी. नौका पडद्यावरच्या, समुद्रही पडद्यावरचा. पण चुरस अशी, की बघणाऱ्यांचे घसे बसत.

खेळ जोडीचा. एकाने शीड सांभाळायचं, दुसऱ्याने सुकाणू. संगणक ज्याचा त्याने आणायचा.

घाण्यावर तेल काढणारी भिवरा शीड सांभाळी. सुकाणू असे यसबा नावाड्याकडे. यसबा नदीपलीकडे राहणारा म्हातारा, खऱ्या पाण्यात चाळीस वर्षं होडी हाकलेला माणूस. आदल्या वर्षी या दोघांची नौका सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर ती खडकाला घासली आणि दुसरी आली. तरीही राणी खूश झाली. म्हणाली, "पुढच्या शर्यतीआधी माझ्या कोठारातून संगणकाचा कोणताही एक भाग घेऊन जा."

यसबा हसून म्हणाला, "तूच घे, पोरी. माझं काय, चाललंय."

शर्यत आठ दिवसांवर आली तेव्हा भिवरा कोठारात गेली. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्रं रंगवणारा भाग, तिच्याकडे होतं आणि ते चांगलंही होतं. पडद्यावर फार गर्दी झाली, तरच एखाद्या वेळी अडखळे. पण कोठारात मधोमध ठेवलेलं ते नवं कार्ड! तीन पंखे, काळीभोर पाठ, विटेसारखं वजन. कोठार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या भांडाऱ्याने ते जोडून दाखवलं आणि भिवरा पडद्याला नाक लावूनच बघू लागली. लाटेवरच्या फेसाचा बुडबुडा न् बुडबुडा दिसत होता. एक मासा उसळला, तर त्याचे खवले चमकले.

तिने टाळीच वाजवली. "हेच! हेच द्या!"

"देतो की," भांडारी चष्मा पुसत म्हणाला. "पण मला सांग, गेल्या साली हरलात कशानं?"

"खडकाला घासलो."

"खडक दिसला नाही?"

"मला दिसला होता! मी ओरडलेसुद्धा, 'काका, उजवीकडे!' पण काकांनी उशीर केला. वय झालंय त्यांचं."

"त्यांच्या पडद्यासमोर कधी बसलीस?"

भिवराने नुसती नकारार्थी मान हलवली.

"कार्ड कुठं पळून जात नाही," भांडारी म्हणाला. "उद्या ये."

ती चडफडत बाहेर पडली, पण दुपारी नदी ओलांडून गेली. यसबा अंगणात होडीला डांबर लावत होता. भिवरा त्याच्या संगणकासमोर बसली आणि तिने खेळ सुरू केला.

समुद्र कसला, ठिगळांची गोधडी होती ती. लाटा येत नव्हत्या, हिसके देत होत्या. समोर मोकळं पाणी दिसत होतं आणि दुसऱ्याच क्षणी नाकासमोर खडक. धडक! तिने पुन्हा खेळ सुरू केला. पुन्हा धडक.

"काका, खडक दिसतच नाही हो इथं!"

"दिसतो ना. जरा उशिरा दिसतो," यसबा दारातून म्हणाला. "मी लाटांवरून अदमास घेतो. नदीत धुकं असलं की तेच करतो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेनं खेळतेस. तुझ्या हौसेवर विरजण कशाला घालू?"

भिवराचे कान तापले. अशा पडद्यावर या माणसाने नौका दुसरी आणली होती, आणि ती म्हणत होती, वय झालंय.

परत येताना तिच्या डोळ्यांपुढून ते तीन पंखे हलले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. एक मन म्हणे, काकांनी स्वतःच तुला घ्यायला सांगितलं ना! दुसरं मन म्हणे, तुला माशाचे खवले दिसून काय उपयोग, सुकाणूवाल्याला खडक दिसत नसेल तर?

काठावर उतरता उतरता तिचं ठरलं. ती तशीच माघारी वळली आणि यसबाच्या संगणकाच्या पेटीचं माप दोरीने घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी तिने त्या मापाचं, एका पंख्याचं साधं कार्ड उचललं.

"राणीसाहेबांनी कोणतंही घ्यायला सांगितलंय, आणि तू हे घेतेस?" भांडारी म्हणाला.

"हेच. मोठं कार्ड काकांच्या पेटीत मावणार नाही."

भांडाऱ्याने ते आपल्या हाताने कापसात गुंडाळून दिलं.

कार्ड बसलं, खेळ सुरू झाला आणि यसबा ताडकन उभाच राहिला. "अगं, मासा! हा बघ! इतकी वर्षं इथं मासे होते होय?" मग सगळा आठवडा दोघं वेड्यासारखी खेळली.

शर्यतीच्या सकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ताशे कडाडले, चाळीस नौका सुटल्या. भिवराने शीड ताणलं, यसबाने सुकाणू वळवलं, आणि बघता बघता दोघं पहिल्या तिघांत आली. शेवटची खिंड अरुंद होती. सगळ्या नौका तिथे एकदम घुसल्या आणि तेवढ्यात भिवराचं चित्र थिजलं.

"काका! माझा पडदा थांबला! मला काहीच दिसत नाही!"

"मला दिसतंय," यसबा म्हणाला. आवाज जराही हलला नाही. "शीड सैल सोड. अजून. डावीकडे खडक आहे, तो मी चुकवतो. थांब... थांब... आता आवळ! सगळा जोर लाव!"

पडदा थिजलेलाच होता. भिवराने त्याच्या शब्दावर शीड आवळलं. चौकात एकदम गलका उठला. तिचं चित्र पुन्हा हललं तेव्हा खडक मागे पडला होता, बाकी नौकाही मागे होत्या, आणि पुढे होता नुसता मोकळा, निळा दर्या.

त्यांची नौका पहिली आली. राणी टाळ्या वाजवत सिंहासनावरून उठली, आणि भिवरा हसत-रडत यसबाच्या पाया पडली.

म्हणून सांगतो, जोडीने पुढे जायचं असेल तर आपली हौस मागाहून; आधी जोडीदाराची अडचण बघावी.