खांद्यांमधली ऊब

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी शैलपूर नगरात राजा धृतिमान राज्य करीत असताना बोधिसत्त्व मेंढपाळांच्या कुळात जन्मले. त्यांचे नाव रोहणक. माघाच्या थंडीत कोकरे मरत, तेव्हा ती का मेली हे ते शोधीत. कोल्ह्याने फाडलेले कोकरूही ते नीट पाहत. जन्मताच मेलेल्या कोकराच्या मूत्रपिंडांभोवती त्यांना पिंगट चरबी दिसे. चीक न मिळता दोन दिवस गारठून मेलेल्या कोकरात मात्र ती ऊब देता देता संपलेली असे. गाभण मेंढीला शेवटच्या दिवसांत चारा कमी पडला, तर कोकरात ती चरबी मुळातच थोडी असे. म्हणून रोहणक अशा मेंढ्यांसाठी चांगले कुरण राखीत, आणि मेंढी विताच कोकराला आचळाशी लावीत.

एका माघात राणी क्षेमावतीला मुलगा झाला. दुसऱ्याच दिवशी त्याचे हातपाय गार पडू लागले. राजवैद्य सोमिल म्हणाला, “महाराज, बाळ कुडकुडतसुद्धा नाही. अंगातली आग विझत चालली आहे. नवजात कोकरांच्या अंगात ऊब देणारी चरबी असते, असं तो रोहणक सांगत असतो. शंभर कोकरांची चरबी काढून बाळाला लेप देऊ.”

राजाने रोहणकाला बोलावले. “शंभर कोकरं दे. नदीकाठचं गाव तुझ्या नावे करतो.”

आपणच सांगितलेली गोष्ट कोकरांच्या जिवावर उठली हे ऐकून रोहणकाला वाईट वाटले. ते म्हणाले, “गाव नको, महाराज. ती चरबी जिवंत अंगातच ऊब देते. बाहेर काढली की नुसतं तेल. आधी मला बाळ पाहू द्या.”

बाळ वेगळ्या दालनात चांदीच्या पाळण्यात होते. राणी अशक्त, म्हणून तिला दूर ठेवले होते आणि बाळाला मध चाटवत होते. रोहणकाने राजाचा हात बाळाच्या तळव्याला लावला. तळवा गार होता.

“आता पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये ठेवा.”

राजाने हात ठेवला आणि तो तिथेच थांबला. “अरे, इथं गरम आहे!”

“तान्ही बाळं आपल्यासारखी कुडकुडत नाहीत, महाराज. थंडी कातडीला लागली की आत वर्दी जाते आणि ही चरबी जळू लागते. तिनंच बाळाला आतापर्यंत राखलंय. पण ती पुरून किती पुरणार? त्याला दूध हवं, आणि आईच्या अंगाची ऊब हवी.”

“आणि तुझं चुकलं तर?” सोमिलाने विचारले.

“तर बाळ माझ्या चुकीनं जाईल. मी इथून हलणार नाही.”

राजाने बाळ स्वतः उचलून राणीकडे नेले. “कालपासून मागतेय मी त्याला,” एवढेच ती म्हणाली. तिने बाळाला उघड्या छातीशी धरले आणि वरून लोकरीची शाल घेतली. बाळाला दूध ओढता येईना. दाईने चीक पिळून थेंब थेंब त्याच्या ओठांत सोडला. दुपार झाली, तरी कोणी जेवायला उठले नाही.

उन्हे कलताना बाळ चुटचुट आवाज करीत प्यायला लागले. पावले गुलाबी झाली. मग ते जोरात रडले, आणि राणी हसली. राजा होता तिथेच जमिनीवर बसला. सोमिलाने बाळाचा तळपाय हातात घेऊन पाहिला, पुन्हा पाहिला, आणि सुटकेचा निःश्वास टाकला. “माझ्या हातून शंभर जीव गेले असते,” तो म्हणाला, “आणि हासुद्धा.”

“पण गेले नाहीत,” रोहणक म्हणाले.

राजाने पुन्हा गाव देऊ केले. रोहणकाने मागितले ते एवढेच, की गाभण मेंढ्यांना हिवाळ्यात राजाच्या रमण्यातल्या राखीव कुरणात चरू द्यावे. राजाने तसे केले. पुढच्या माघात तिथे पुष्कळ कोकरे जगली. सोमिल ती पाहायला मुद्दाम गेला, आणि एका आडदांड कोकराने त्याचे उपरणे चावले.

ही पूर्वजन्मीची हकीकत सांगून भगवान म्हणाले, “भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा स्थविर पुष्कल, ती राणी म्हणजे भिक्षुणी वासुला, ते बाळ म्हणजे कालच प्रव्रज्या घेतलेला तिस्सक. सोमिल वैद्य म्हणजे आपला कुंडिल, जो आज आजाऱ्यांची शुश्रूषा करतो. रोहणक मीच होतो. त्या जन्मी मी जी जोपासली, ती जाणती करुणा.”